१६ मिमी फिल्मवर दोन वेगळ्या वर्णांचे चेहरे, एकच फ्रेम

ओसरी

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की एक लघुपट १६ मिमी फिल्मवर चित्रित करायचा आहे. आतापर्यंतचं सगळं काम डिजिटलवर झालंय. मॉनिटरवर फॉल्स कलर (कुठे किती उजेड ते रंगांत दाखवणारी सोय) लावायचा, चेहरा कुठे बसतोय ते बघायचं आणि पुढे जायचं, अशी सवय. फिल्मवर ती सोय नाही, म्हणून आधीच नीट समजून घ्यायचंय.

गोष्ट आजी-नातवाची. आजीचं काम करणाऱ्या बाई वर्णाने चांगल्या काळ्या आहेत आणि त्यांचा चेहरा हाच या गोष्टीचा जीव आहे. नातू गोरा. बहुतेक प्रसंगांत दोघं एकत्र. जागा म्हणजे कोकणातलं जुनं घर: माजघर, काळपट लाकूड, सारवलेली जमीन, एक खिडकी आणि छपरात एक काचेचं कौल. निगेटिव्ह कोडॅक व्हिजन३ ५००टी, म्हणजे ७२१९. ४०० फुटी रोल, २४ फ्रेमने जेमतेम ११ मिनिटं चालतो. रिटेक हात राखूनच.

प्रश्न असा: इन्सिडंट मीटर (पडणारा प्रकाश मोजणारा) दोघांच्या गालापाशी धरला तर आकडा एकच येतो, कारण प्रकाश एकच. स्पॉट मीटर (परतणारा प्रकाश मोजणारा) रोखला की दोघांत दीड स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ॲपर्चर कोणाच्या हिशेबाने ठेवू? मधलं धरलं तर दोघांवर अन्याय होईल असं वाटतं.

करडा_पट्टा

ओसरी, चांगला विषय काढलात. मी रिळांच्या काळात बरीच वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

"ॲपर्चर कोणाच्या हिशेबाने" हा विचार आधी डोक्यातून काढा. ॲपर्चर प्रसंगाचं असतं, माणसाचं नसतं. समजा २.८ ठरलं, आता त्या प्रसंगात ते हलवायचं नाही. मग प्रत्येक चेहरा मधल्या करड्याच्या किती वर किंवा किती खाली बसायला हवा ते ठरवायचं, आणि तिथे तो प्रकाशाने न्यायचा.

स्पॉट मीटर ज्याच्याकडे रोखाल त्याला तो मधलं करडं समजतो. पांढरी भिंत असो, काळी म्हैस असो, त्याचं उत्तर एकच: "याला करडं करायचं तर एवढं ॲपर्चर लागेल." युरोपीय गोरी त्वचा १८ टक्के करड्याच्या साधारण दुप्पट प्रकाश परतवते, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत "चेहरा एक स्टॉप वर ठेवा" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडचा सर्वसाधारण गहूवर्णी चेहरा करड्याच्या आसपासच पडतो. काळा चेहरा एक ते दीड स्टॉप खाली. तो एक स्टॉप वरचा नियम आजींना लावलात तर चेहरा पिठासारखा दिसेल, आणि ती आजी राहणार नाही.

आता तुमचाच दीड स्टॉप घेऊ. एकाच प्रकाशात, २.८ ला, नातू +½ आणि आजी −१. मुख्य प्रकाशाच्या बाजूने हे काही वाईट नाही, माणसं दिसतात तशी दिसताहेत. खरी अडचण गालाच्या दुसऱ्या बाजूला आहे. समजा प्रकाशाचं गुणोत्तर ४:१, म्हणजे सावलीची बाजू दोन स्टॉप खाली. नातवाची सावली −१½ वर येते. तिथे सगळं शाबूत असतं, डोळ्याखालची रेषसुद्धा दिसते. आजींची सावली −३ वर जाते. १६ मिमीवर तिथे निगेटिव्ह पातळ झालेली असते. स्कॅनमध्ये वर उचलायला गेलात की दाणा, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, उसळतो आणि काळा दुधाळ होतो. म्हणजे गुणोत्तर दोघांना एकच दिलंत, पण त्याची किंमत एकट्या आजींनी मोजली.

माझी पद्धत सांगतो. उजेडाच्या बाजू जुळवायच्या नाहीत, सावलीच्या बाजू जुळवायच्या. दोघांची सावली −१½ च्या आसपास आणा. नातू +½ / −१½, म्हणजे ४:१. आजी −½ / −१½, म्हणजे २:१. उजेडाच्या बाजूला दोघांत एक स्टॉपचा फरक राहतो, म्हणून वर्ण जसाच्या तसा दिसतो. सावलीत मात्र दोघांचेही चेहरे सारखेच वाचता येतात. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही. त्याला आजींच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

आजींना अर्धा स्टॉप वर कसं न्यायचं? त्यांना खिडकीजवळ बसवा आणि नातवाला जरा आत. लाइट वापरत असाल तर नातवाच्या वाटेत सिंगल नेट, म्हणजे दिव्यापुढे धरायची जाळी. सिंगल नेट साधारण अर्धा स्टॉप खाते, डबल एक स्टॉप. आणि आजींच्या सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेला लागून, उजेड परतवायला पांढरा थर्माकोल.

पाटपाणी

सावलीची बाजू जुळवायची हे इतकं सुटसुटीत करून कोणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

धूसर

करडा_पट्टा, मुद्दा पटला, पण आता निगेटिव्ह स्कॅनच होते ना? सरळ ५०० वर, म्हणजे फिल्मच्या छापील संवेदनशीलतेवर, मीटर करा, दोघांना एका प्रकाशात ठेवा. ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड जुळवताना) आजींच्या चेहऱ्यावर विंडो लावून तेवढाच भाग उचलता येतो. सेटवर नेट-थर्माकोल करत बसलं तर कोकणातल्या घरात दिवस हातचा जाईल.

करडा_पट्टा

उचलता येतं, पण निगेटिव्हवर असेल तेवढंच. चेहरा −३ वर असेल तर विंडोच्या आतला दाणा आणि बाहेरचा दाणा वेगळा दिसतो, आणि आजी हलल्या की तो तुकडा त्यांच्याबरोबर फ्रेमभर हिंडतो. ३५ मिमीवर एखाद वेळी खपून जाईल, १६ वर नाही. पूर्वी ही सोयही नव्हती. लॅबमध्ये प्रिंट काढताना लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, प्रत्येकाचे १ ते ५० पॉइंट, आणि बदल व्हायचा तो अख्ख्या फ्रेमचा. एक चेहरा वेगळा उचलणं अशक्य होतं, त्यामुळे चेहरा सेटवरच जागेवर बसवायची शिस्त लागली. ती शिस्त मला आजही सोडवत नाही.

आणि ५०० वर मीटर करू नका. ३२० धरा, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप जास्त. निगेटिव्ह फिल्म उजेडाच्या बाजूला पुष्कळ सोसते. तिचा वरचा भाग हळूहळू वळतो, डिजिटलसारखा एकदम फटकन पांढरा होत नाही. सावलीच्या बाजूला मात्र ती क्षमा करत नाही. जिथे अर्ध्या गोष्टीभर काळा चेहरा समोर असणार, तिथे हा दोन तृतीयांश स्टॉप म्हणजे चैन नव्हे.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून: २४ फ्रेम, १८० अंशांचं शटर, ३२० चं रेटिंग, २.८ ॲपर्चर, तर मुख्य प्रकाश साधारण ३२ फूट-कँडल लागतो, म्हणजे ३४० लक्स. एवढा मिळणं अवघड नाही.

ओसरी

हे सोनं आहे. प्रकाश कमी पडला तर एक स्टॉप पुश करायचा (लॅबमध्ये फिल्म जास्त वेळ धुवायची) विचार होता, त्याचं काय?

करडा_पट्टा

पुशने कॉन्ट्रास्ट वाढतो, दाणा वाढतो. सावलीत जे पोचलंच नाही ते लॅब आणून देत नाही. या गोष्टीसाठी नको.

कवडसा

मी लाइटिंगच्या बाजूने थोडं लिहिते, कारण वरची चर्चा "किती" प्रकाश यावर आहे आणि काळ्या त्वचेसाठी "केवढा मोठा" प्रकाश हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे.

गोऱ्या गालावर प्रकाश पसरतो आणि गालाचा आकार उजेड-सावलीतून दिसतो. काळ्या त्वचेत पसरून परत येणारा प्रकाश कमी, त्यामुळे आकार दिसतो तो मुख्यतः वरच्या चकाकीतून. ओसरी, तुमच्या त्या घरात तेलपाणी केलेला जुना सागवानी खांब असेल तर दुपारी त्याच्याजवळ उभे राहून बघा. खांबाचा गोलवा तुम्हाला दिसतो तो त्याच्यावर उमटलेल्या दाराच्या उभ्या उजेडामुळे. दार लोटलं की खांब सपाट काळा. आजींच्या कपाळाचं, गालफडाचं, नाकाच्या कडेचं गणित तेच. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याला आरसा मिळेल अशी मोठी पांढरी वस्तू जवळ ठेवायला हवी: पूर्ण थर्माकोल, किंवा स्किमरवर (चौकटीवर) ताणलेलं पांढरं कापड, चेहऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे. लहानसा बेबी लाइट थेट मारलात तर कपाळावर एक तेलकट ठिपका येईल, बाकी चेहरा होता तिथेच राहील.

नुसता प्रकाश ओतणं हा उपाय नाही, हे हॉलिवूडमध्येही उशिराच लक्षात आलं. १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी सिडनी पॉइटिए यांच्यासाठी प्रकाश मुद्दाम वेगळा बांधला. नेहमीच्या भडक प्रकाशात गडद त्वचेवर नुसती चमक येते आणि चेहरेपट्टी हरवते, हे त्यांनी ओळखलं होतं. रंगीत चित्रपटाच्या इतिहासात याची नोंद आवर्जून घेतली जाते.

मेकअपवाल्यांशी आधीच बोला, आणि स्पष्ट बोला. पावडर नको. पावडर मारली की ती चकाकी मेली, मग थर्माकोल कितीही जवळ आणा. थोडं मॉइश्चरायझर गालफडांवर चालेल. आणि कृपा करून वर्णापेक्षा उजळ बेस लावू देऊ नका. आपल्याकडे ही सवय हाडीमासी भिनलीय. न सांगताही होऊन जातं. मग चेहरा राखाडी, मान काळी, हात काळे, आणि फिल्म हे सगळं इमानदारीने टिपते. एका बाईचा चेहरा तिचाच ठेवायचा, यात तंत्राइतकाच मानाचाही प्रश्न आहे.

रानपाखरू

कवडसा, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. नाटकात काम करते. दर वेळी दोन शेड वरचा बेस लावला जातो आणि "लाइटमध्ये बरं दिसतं" असं सांगतात.

कवडसा

लाइटमध्ये बरं दिसत नसेल तर लाइट बदलायला हवा.

अजून एक. ते काचेचं कौल. फ्रेम म्हणून फार मोहात पाडेल, धुरातून उतरणारी तिरीप वगैरे. पण त्याखाली माणूस बसवलात की डोळ्यांच्या खोबणी काळ्या. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी 'गॉडफादर'मध्ये (१९७२) वरून प्रकाश देऊन नायक मार्लन ब्रँडोचे डोळे जाणूनबुजून झाकले, कारण त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळू नये हीच तिथली गरज होती. तुमच्या आजींचं उलट आहे. कौलाचा प्रकाश मागच्या भिंतीवर, उतरंडीवर, जमिनीवर पडू दे, आजी त्याच्या कडेला. जमीन सारवलेली, म्हणजे खालून काहीच परत येणार नाही. फ्रेमच्या बाहेर जमिनीवर एक पांढरी चादर अंथरा. डोळ्यांत जीव येईल. आणि त्या घरातलं काळं लाकूड सगळीकडून प्रकाश पिणार आहे हे धरून चाला. तिथे काहीच न करता गुणोत्तर ८:१ च्या वर गेलं तरी मला नवल वाटणार नाही.

बाउन्सचं, म्हणजे परतवलेल्या उजेडाचं म्हणाल तर आपल्याकडे सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांचं काम आहेच. 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. त्यांनी वर पांढरं कापड ताणलं, खालून दिवे त्याच्यावर मारले आणि अंगणात उतरणारा आभाळाचा उजेड तयार केला. तोवर स्टुडिओ म्हटला की कडक सावल्या. तुमची चादर त्याच घराण्यातली.

ओसरी

पावडर आणि बेसचा मुद्दा डोक्यातच नव्हता. आजच मेकअप करणाऱ्या मुलीशी बोलतो. पुढची शंका: दिवसाचा प्रसंग खिडकीच्या उजेडात, पण माजघरात वर एक बल्ब लागलेला गोष्टीत हवाय. ५००टी टंगस्टनची, म्हणजे बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली आहे. ८५ फिल्टर (दिवसाचा निळसर उजेड नारिंगी करणारी काच) न लावता नंतर रंग काढता येईल का? बाकी चर्चांत "लावू नका, स्टॉप वाचतो" असं वाचलं.

करडा_पट्टा

सर्वसाधारणपणे चालतं, पण तुमच्या बाबतीत मी लावा म्हणेन. दिवसाच्या उजेडात फिल्टर नसला की निळा थर भरभरून एक्स्पोज होतो आणि लाल थर उपाशी राहतो. त्वचा, आणि त्यातही काळी-तपकिरी त्वचा, परतवते तो प्रकाश मुख्यतः लाल भागातला. म्हणजे आजींच्या सावलीत जो थोडा ऐवज आहे तो नेमका ज्या थरात साठायचा तोच थर पातळ. नंतर रंग ओढून आणलात की सावलीत निळसर-मातकट चिखल. ८५ लावला की ५०० चं ३२० होतं, आणि आपलं दोन तृतीयांश स्टॉप जास्तीचं धोरण ठेवायचं तर मीटर २०० वर. खिडकीजवळ तेवढा उजेड असतो. माजघराच्या आत नसेल, तर खिडकीबाहेरून एचएमआय (दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा मोठा दिवा) किंवा सरळ आरसा-रिफ्लेक्टरने ऊन आत आणा.

बल्ब मात्र साधा तारेचा लावा, डिमरवर. बाजारातल्या स्वस्त एलईडी बल्बात लाल भाग तुटपुंजा असतो, चेहरा मेल्यासारखा येतो. शिवाय लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमला १८० अंशांवर ट्यूब किंवा एलईडी लुकलुकू शकतात. शटर १७२.८ अंश करता येत असेल तर ते करा, म्हणजे १/५० सेकंद होतो, किंवा सरळ २५ फ्रेमने चित्रित करा. फिल्मवर हे रश (धुऊन आलेले शॉट) बघेपर्यंत कळत नाही आणि तोवर सगळे मुंबईला परतलेले असतात.

जुनी_रिळं

थोडं इतिहासाचं. चेहरा आणि फिल्मचं हे भांडण फार जुनं आहे. मूकपटांच्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म होती, तिला लाल रंग दिसायचाच नाही. लालसर-तपकिरी त्वचा आणि ओठ आहेत त्यापेक्षा काळे यायचे, म्हणून नटांच्या तोंडावर जाड थर थापायचे. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग दिसू लागले, आणि १९२८ मध्ये मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी वेगळा मेकअप काढला. फिल्म सुधारली, पण थापायची सवय उरली असं मला वाटतं. वर रानपाखरूंनी लिहिलंय ते त्याचंच शेपूट असावं.

आपल्याकडे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी 'सिंहगड'साठी (१९२३) कृत्रिम दिवे वापरले. तोवर काम उन्हावर चालायचं, आणि डोक्यावरच्या उन्हात चेहऱ्याचे काय हाल होतात ते कोणीही सांगेल.

लॅबमध्येही एक गोष्ट होती. रिळाच्या तोंडाशी रंग जुळवण्यासाठी एका बाईच्या चेहऱ्याच्या फ्रेम जोडलेल्या असायच्या, बाजूला करड्या पट्ट्या. तो चेहरा जवळजवळ नेहमी गोरा. म्हणजे "चेहरा बरोबर आला" हे ठरवायचं मापच एका वर्णाचं होतं. हे कळल्यावर जुन्या रंगीत चित्रपटांतले काही चेहरे तसे का दिसतात ते मला उमगलं.

धूसर

हे माहीत नव्हतं. मग ओसरीने स्वतःचंच माप करावं. चाचणी रोलवर आजीच बसवा.

करडा_पट्टा

अगदी हेच लिहायला आलो होतो. १०० फुटी एक रोल चाचणीला ठेवा, पावणेतीन मिनिटं मिळतात, पुरे होतात. परक्या कोणावर नाही, याच दोघांवर, याच साड्या-कपड्यांत. दोघांना शेजारी बसवा, मध्ये करडं कार्ड. प्रकाश तोच ठेवून ॲपर्चर बदलत जा: −२ पासून +३ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने, प्रत्येकाला काही सेकंद. पाटीवर आकडा लिहा. मग तेच २:१ आणि ४:१ गुणोत्तरावर. लॅबला सांगा: नॉर्मल प्रोसेस, आणि अख्ख्या रोलला एकच स्कॅन सेटिंग. हे सांगितलं नाही तर समोरचा प्रत्येक शॉट आपापल्या परीने सुधारून देईल आणि तुमची चाचणी वाया जाईल.

आजींच्या सावलीतल्या गालाकडे बघा. जिथपर्यंत सुरकुती सुरकुतीसारखी दिसते तिथपर्यंत तुमची हद्द. ती हद्द दोघांची वेगळी निघेल, आणि तीच तुमची पुढची सगळी मोजमापं ठरवेल.

कवडसा

साड्यांचं बरं काढलंत. आजींना पांढरीशुभ्र सुती साडी देऊ नका. पांढरं कापड करड्याच्या दोन स्टॉपहून वर जातं. फिल्म ते झेलते, पण डोळा तिकडे धावतो आणि शेजारचा चेहरा आणखी गडद वाटतो. चहाच्या पाण्यात बुडवून काढा, किंवा फिकट मातकट रंगाची घ्या. मागची भिंत चेहऱ्यापेक्षा थोडी उजळ, साडी भिंतीपेक्षा फार उजळ नाही, एवढं धरलंत तरी निम्मं काम झालं.

ओसरी

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर टोका.

मीटर ३२० वर, खिडकीच्या प्रसंगांना ८५ लावून २००. २५ फ्रेम, १८० अंश. ॲपर्चर प्रसंगाला एकच. आजी खिडकीकडे, नातू आत, नातवाच्या वाटेत सिंगल नेट. दोघांची सावली −१½, चाचणीनंतर हा आकडा पक्का करणार. थर्माकोल आजींच्या बाजूला किंचित मागे, जमिनीवर चादर. पावडर नाही, उजळ बेस नाही. साडी चहात. रात्रीचा एक प्रसंग कंदिलाच्या उजेडाचा आहे, तिथे आजी −१½ पर्यंत खाली जाऊ द्यायचा विचार आहे.

करडा_पट्टा

रात्रीला −१½ ठीक, पण तिथे डोळ्यांत एक बारीकसा ठिपका हवा. कॅमेऱ्याच्या शेजारी ट्रेस (पारभासक कागद) लावलेला छोटा दिवा, इतका मंद की मीटरला कळू नये.

आणि त्या प्रसंगाआधी करडं कार्ड टिपाल ते कंदिलाच्या पिवळ्या उजेडात टिपू नका. कार्डावर स्वच्छ ३२०० केल्विनचा दिवा, पूर्ण एक्स्पोजरचा, पाच सेकंद. मग तो बंद करून प्रसंग. नाहीतर स्कॅन करणारा कार्ड करडं करायच्या नादात तुमचा कंदील पांढरा करेल, आणि रात्र उचलून संध्याकाळ करेल. सोबत कागदावर लिहून द्या: "पुढचा शॉट मुद्दाम गडद आणि पिवळा आहे, कार्डाच्या सेटिंगवरच ठेवा." डब्यावरही तेच लिहा.

ओसरी

डब्यावरही लिहितो. चाचणी रोल धुऊन आला की −२ ते +३ च्या फ्रेम इथेच टाकेन, दोघांच्या गालांचे तुकडे शेजारी शेजारी.